गाडीची खांदशेकणी

आमच्या घरी पोरांपैकी कुणाला खरचटलं, तर माय आधी पाठीत एक धपाटा घालायची आणि मग विचारायची, 'कुठं पडला होता?' गाडीला खरचटलं, तर मात्र बाबा ओट्यावर गुडघ्याला हातांची मिठी घालून बसून राहायचे आणि त्यांना जेवण जायचं नाही. माय म्हणायची, "मी बाळंतपणात मरता मरता वाचली, तवा हा माणूस दोन भाकरी जास्त जेवला. अन् आता पाहा."

गाडी म्हणजे सायीच्या रंगाची अँबेसिडर. संग्रामपूरपासून आत, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात ती आली तेव्हाच जुनी होती, पण जुनी माणसं असतात तशी, ताठ. ती मूळची मलकापूरच्या एका डॉक्टरांची. बाबा आमच्या मळ्यातली वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन मलकापूरच्या बाजारात जायचे आणि त्यातली एक टोपली वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या घरी पोचवायचे. टोपली खाली ठेवण्याआधी अंगणातल्या गाडीवरून उपरणं फिरवायचं, ही त्यांची खोड. डॉक्टर गेले, त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीत, आणि डॉक्टरीणबाईंनी एक दिवस बाबांना ओसरीवर बसवून सांगितलं, "गणपतराव, गाडी तुम्ही घेऊन जा. व्यवहाराचं आपण पाहू. पण माझी एकच अट आहे. तिचा रंग बदलायचा नाही. ते जमलं नाही, तर मी ती परत आणीन." बाबांनी शब्द दिला. आमच्याकडे शब्द म्हणजे कोर्टाच्या कागदाहून जड, कागद निदान उंदीर तरी खातात.

आता हा शब्द पाळायचा कुठल्या रस्त्यावर, तर आमच्या. फाट्यापासून गावापर्यंत गिट्टी अंथरलेली होती आणि डांबर काही येईना. समोरून ट्रक किंवा ट्रॅक्टर आला की चाकाखालचा खडा निसटायचा आणि गाडीच्या नाकाडावर यायचा. टण्ण! त्या आवाजाबरोबर गाडीतलं बोलणं बंद. घरी आल्यावर बाबा कंदील पुढे धरावा तशी मान पुढे काढून बोनेटची कड, दिव्यांभोवतीचा भाग, पुढच्या चाकांवरचे दोन्ही मडगार्ड बोटानं चाचपायचे. टवका सापडला की त्याला गावाचं नाव मिळायचं. हा वरवटचा, हा टुनकीचा, हा जळगावच्या फाट्याचा. पाहुणे आले की बाबा टवके दाखवत दाखवत त्यांना अख्खा मुलूख फिरवून आणायचे. पाहुण्यांना वाटायचं की चहा येईपर्यंतचा हा विरंगुळा आहे. पण बाबांच्या आवाजात दर टवक्याला खरोखरचं दुःख असायचं, आणि म्हणून आम्हा पोरांना हसू आवरायचं नाही.

टवके भरण्याचं काम माझ्याकडे आलं ते रांगोळीमुळे. माझी रेघ हलायची नाही. पहिले काही टवके बाबांनी स्वतः भरले होते, जाड ब्रशानं, आणि त्यांची जागा इतकी फुगून आली की माय म्हणाली, "हिले तर गोवर निघाला." मग ब्रश माझ्या हातात आला आणि मी तो ठेवून काडेपेटीतली काडी उचलली. टवक्यात गंज धरला असेल तर सुईनं खरवडायचा. सोड्याच्या पाण्यानं धुऊन कोरडा करायचा. काडीच्या टोकानं अस्तराचा, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या लेपाचा, एक थेंब, तो वाळला की रंगाचा एक, तो वाळला की आणखी एक, असं करत खड्डा काठोकाठ भरून किंचित वर येऊ द्यायचा. घाई केली की वरून सुकतो आणि आत ओला राहतो, आणि मग दुसऱ्या दिवशी पापडासारखे फोड येतात. पूर्ण वाळल्यावर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरानं हलक्या हातानं घासून सपाट करायचा आणि शेवटी दात घासायच्या पांढऱ्या पावडरीनं चमक आणायची. हे मला कुणी शिकवलं नाही. बिघडवत बिघडवत आलं. बाबांची दातांची पावडर मात्र महिनाभर आधीच संपायची.

रंग जुळवणं हे वेगळंच प्रकरण. मलकापूरच्या रंगाच्या दुकानात क्रीम म्हणून जो डबा दिला, तो गाडीवर लावला तर पिठल्यासारखा दिसायचा. बाबांना एक युक्ती सुचली. गाडी सायीच्या रंगाची आहे ना, मग सायच नेऊन दाखवू. सकाळी मायनं वाटीभर साय फडक्यानं बांधून दिली. एसटी, उन्हाळा, खिडकीतली धूळ. बाबा दुकानात पोचेपर्यंत वाटीत जे होतं त्याला बघून दुकानदार म्हणाला, "काका, असा रंग मी देऊ शकतो, पण वास देऊ शकत नाही." मग बाबांनी गाडीच पुढे नेऊन उभी केली, आणि त्या माणसानं डब्यात थेंबाथेंबानं पिवळा, थेंबाथेंबानं काळा टाकत तो रंग अखेर आणला. जाताना गाडीला वाटेत दोन नवे टवके पडले, ते सोडा.

टवका पडूच नये म्हणून जे उपाय झाले, त्यांवर गावाची बरीच करमणूक झाली. बाबांनी चाकांमागे जुन्या ट्यूबचे पडदे लावले. समोर ट्रक दिसला की ते गाडी कडेला घेऊन बंद करायचे आणि धूळ बसेपर्यंत हात जोडल्यासारखे बसायचे. एरवी इतकी हळू चालवायचे की बाजाराच्या दिवशी बैलगाड्या आम्हाला ओलांडून जायच्या आणि गाडीवान विचारायचे, "काऊन गणपतभाऊ, पेट्रोल सरलं का?" मायनं जुन्या लुगड्यांची दुपदरी गोधडी शिवली, दिव्यांना दोन भोकं ठेवून, आणि नाड्यांनी ती नाकावर बांधायची सोय केली. गाव म्हणालं, गणपतच्या गाडीले कुंची घातली. पण कुंचीनं काम केलं बरं का. खडा आला की धप्प आवाज येऊन खाली पडायचा. फक्त घरी आल्याबरोबर ती सोडून झटकावी लागे, नाहीतर आत शिरलेली धूळ घासून घासून रंगाला मंद करते. परवा माझ्या नातवानं त्याच्या नव्या गाडीला पुढून पारदर्शक प्लास्टिकची फिल्म लावून आणली आणि मला समजावून सांगू लागला की आजी, यानं दगड लागत नाही. मी म्हटलं, वा! दिव्यांना भोकं ठेवली का रे?

मी बारावी झाले त्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यात, पोळ्याच्या आठवडाभर आधी, मलकापूरहून भाजीच्या आडतीवरचा माणूस निरोप घेऊन आला. डॉक्टरीणबाईंचा मुलगा विलास पुण्याहून आलाय. त्याचं म्हणणं, जुन्या गाड्यांना आता पुण्यात फार मान आहे, वडिलांची गाडी खेड्यात चिखलात लोळतेय, ती मी घेऊन जातो. बाईंनी सांगितलंय की मी स्वतः येऊन बघेन, नीट ठेवली असेल तर राहील, नसेल तर विलास चालवत नेईल. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दोघं येणार.

बाबांचा चेहरा उतरला. ते मला म्हणाले, "शकू, किती टवके हायेत वो बाई?" मी म्हटलं, "मोजू नोका. मी भरतो." आमच्याकडे बायकाही 'मी करतो' म्हणतात, पुण्याच्या लोकांना त्याची गंमत वाटते. मलाही ती गाडी जायला नको होती. त्या उन्हाळ्यातच बाबांनी मला खळ्यात ती चालवायला शिकवलं होतं, माझा हात नुकताच बसत होता, आणि पोळा झाला की मी त्यांना शेजारी बसवून संग्रामपूरच्या बाजारात गाडी नेणार होते. अख्ख्या पंचक्रोशीत कुणा मुलीनं हे केलेलं नव्हतं. गाडी गेली असती तर बाबांचा शब्द गेला असता, हे खरंच. पण माझं मन सगळं त्या बाजाराच्या रस्त्यावर होतं.

मी कामाला लागले. कुंची बांधूनही बरेच टवके साचले होते. त्या घाईत मी ठरवलं की एकेक भरत बसण्यापेक्षा आधी नाकावरचे, दोन्ही मडगार्डांवरचे सगळे टवके खरवडून, घासून, पांढरं अस्तर लावून तयार करावेत आणि मग एका दमात रंग द्यावा. पावसाळी दमट हवेत रंग दुधाळतो, म्हणून कोरड्या दिवसाची वाट पाहायची. डाव्या-उजव्या बाजूंना फारसं काही नव्हतं. फक्त चालवणाऱ्याच्या दारावर, काचेच्या खाली, चार-पाच बारीक टवके एकाच जागी होते, चंद्रकोरीसारखे, आजवर दर वेळी राहूनच गेलेले. दगड तिथं कसा लागला असेल याचं मला नवल वाटायचं, पण सोपं काम होतं ते. ते सगळ्यात शेवटी उरकू म्हणून ठेवून दिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अस्तर लावून झालं. गाडीच्या नाकावर आणि खांद्यांवर पांढरे ठिपके उमटले होते. सकाळी रंग द्यायचा, करीच्या आत वाळतो. मी हात धुऊन मायबरोबर पुरणाची डाळ निवडायला बसले.

पोळ्याची आदली संध्याकाळ म्हणजे खांदशेकणी. वर्षभर जू ओढून बैलांच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, ते कढत पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं हळद आणि तूप चोळायचं आणि त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गोठ्यातून बाबांचा आवाज येत होता. आमचे चांद्या आणि सोन्या फुरफुरत होते, गरम पाण्याचा आणि तुपाचा वास घरभर आला होता. मग बराच वेळ आवाज येईना. मी सहज बाहेर डोकावले तर बाबा गाडीजवळ उभे, एका हातात हळद-तुपाची वाटी, दुसऱ्या हातात पळसाचं पान, आणि बोनेटवर वाकून अगदी हळू आवाजात म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारची म्हातारी काठी घेऊन धावत आली, तिला वाटलं साप निघाला. गाडीचं सगळं नाक आणि दोन्ही मडगार्ड हळदीनं माखले होते. माझ्या कोऱ्या पांढऱ्या अस्तरानं ती हळद पिऊन घेतली होती, आणि त्यावर तूप.

"बाबा, हे काय करून ठेवलं तुमी! तुपावर रंग बसते का कुठं?"

"अवं, तिच्या खांद्याले पाह्य ना किती घट्टे पडले," बाबा कावरेबावरे होऊन म्हणाले. "वाटीत हळद उरली होती. म्हटलं, बैलाचं करतो, तर हिनं काय घोडं मारलं? ही बी वर्षभर ओढतेच ना आपल्याले."

यावर रागवावं कसं, तेच कळेना. मी रागावलेच, रडलेही. माय मात्र दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. तिला हसताना बघून म्हातारीही हसली आणि शेवटी बाबाही चोरासारखे हसले. मायनं येऊन बोट फिरवून पाहिलं. "तूप चुलीच्या राखेनं निघते. अन् हळद काय, हळद उन्हाले भेते. लुगड्यावर पडली तर आपण काय करतो? धुतो अन् उन्हात टाकतो. हिले बी टाकू."

रिठ्याचं पाणी आणि चाळून घेतलेली राख यांनी आम्ही तूप काढलं, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून फुलासारखा हात ठेवून. तूप गेलं, पिवळे ठिपके राहिले. सकाळी ऊन पडलं की उडतील. पण सकाळी आभाळ गच्च! सगळा पोळ्याचा दिवस आम्ही पुरण वाटता वाटता, भजी तळता तळता, वर बघत काढला. जरा उजेड फाकला की माय झारा घेऊन ओरडायची, "आलं आलं, फिरवा तिले!" आणि बाबा, मी आणि दोन शेजारी मिळून गाडी ढकलत तिचं तोंड उन्हाकडे करायचो. ऊन ढगात. परत सावलीत. ऊन. परत ढकला. कुरडया वाळवतानासुद्धा एवढी धावपळ आम्ही कधी केली नव्हती. वेशीत तोरणाखाली बैल उभे राहिले, तेव्हा लोक बैलांच्या रंगवलेल्या शिंगांकडे कमी आणि वेशीलगतच्या अंगणात गोल गोल फिरणाऱ्या आमच्या गाडीकडे जास्त बघत होते. चार वाजता कडक ऊन पडलं. तासाभरात ते ठिपके डोळ्यांदेखत फिके होत गेले, आणि मी भजी खात खात, काडीच्या टोकानं, रंग भरायला बसले. दिवस मावळेपर्यंत नाक झालं, उजवा मडगार्ड झाला, डावा अर्धा झाला. चालवणाऱ्याच्या दारापर्यंत मी पोचलेच नाही.

करीला सकाळी जीपनं दोघं आली. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, पांढऱ्या पातळातल्या, जाड भिंगाचा चष्मा. विलास उंच, हसरा, पण आल्याबरोबर गाडीभोवती अशी फेरी मारली जशी माणसं बैलबाजारात मारतात. डाव्या मडगार्डापाशी तो थांबला. "इथं पिवळं काय आहे?"

"हळद," बाबा म्हणाले. शब्द देणारा माणूस खोटं बोलायच्या भानगडीत पडला नाही. त्यांनी सगळं सांगितलं, आवतनसुद्धा. विलासला हसावं की काय करावं ते समजेना. "आई, मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई मडगार्डकडे आल्याच नाहीत. त्या सरळ चालवणाऱ्याच्या दाराशी गेल्या, काचेखाली हात ठेवला आणि बोटांनी चाचपू लागल्या. नेमके तेच टवके राहिले होते.

"बाई, तेवढे राह्यले," मी म्हणाले. "मी आजच भरून देतो."

"हात लावू नकोस गं!" त्या एकदम म्हणाल्या. मग हसल्या. "घरच्याच दवाखान्यात पेशंट निजलेले असायचे, म्हणून हे घरी आले की हॉर्न वाजवायचे नाहीत. हात बाहेर काढून अंगठीनं दारावर टकटक करायचे. मी चहा टाकायची. म्हणून तर म्हटलं होतं गणपतराव, रंग बदलू नका. बाकी गाडीचं मला काय करायचंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. त्यांनी हळद लावली नसती, तर आदल्या दिवशी सकाळीच माझं नाक-मडगार्ड उरकलं असतं आणि दुपारपर्यंत ती चंद्रकोर मी गुळगुळीत भरून, दातांच्या पावडरीनं चमकवून ठेवली असती. बाबा मात्र त्या दिवसापासून पुढे मरेपर्यंत, माझ्याशी वाद झाला की फक्त भुवई वर करायचे, आणि मी माघार घ्यायची.

मायनं पानं वाढली. ओट्यावर डॉक्टरीणबाई पुरणपोळी आणि कढी जेवायला बसल्या. विलास म्हणाला, मी जरा बसून बघतो, आणि बाबांकडून किल्ली घेऊन गाडीत शिरला. वडिलांच्या जागी बसला, स्टिअरिंग धरलं, काच खाली केली, कोपर बाहेर ठेवलं. त्याच्याही बोटात अंगठी होती. त्यानं मुद्दाम केलं की हात आपोआप गेला, कोण जाणे. दारावर आवाज झाला. टक टक.

डॉक्टरीणबाई ताट सोडून उभ्या राहिल्या. "आले का?" म्हणाल्या.

आणि मग स्वतःच इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. माय त्यांना धरून हसली. विलासनं काच वर केली. मग उतरला, दार हळू लोटलं, ओट्यावर येऊन किल्ली बाबांच्या हातावर ठेवली आणि आईशेजारी मांडी घालून बसला.

"काकू," तो मायला म्हणाला, "मलाही वाढता का?"